अजिंठ्याचे मेजर गिल

(अजिंठ्याची लेणी पाहायला आज हजारो लोक बसने, मोटारीने जातात आणि छायाचित्रे काढून परततात. दीडशे वर्षांपूर्वी तिथे ना पक्का रस्ता होता, ना मुक्कामाची सोय. अशा काळात एक माणूस त्या डोंगरात आला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. त्या माणसाची ही ओळख.)

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कितीजण अजिंठ्याला गेले आहेत? जालना जिल्ह्यात राहणाऱ्यांना अजिंठा काही लांब नाही. जालन्याहून बसने भोकरदनला जायचे. केळना नदीच्या काठचे हे गाव मागे टाकले की उत्तरेकडे निळसर डोंगरांची एक लांब रांग दिसू लागते. हीच अजिंठ्याची डोंगररांग. आपल्या जिल्ह्याची उत्तरेची बाजू या डोंगरांनी अडवून धरली आहे. डोंगरांच्या अलीकडे पडणारे पावसाचे पाणी पूर्णा नदीतून गोदावरीला मिळते. पलीकडे पडणारे पाणी वाघूर नदीतून तापीकडे जाते. अजिंठ्याची लेणी आहेत ती या पलीकडच्या बाजूला, वाघूरच्या खोल दरीत.

आज या डोंगरात झाडी बरीच विरळ झाली आहे. आता तुम्ही जरा मनाने मागे चला. सुमारे एकशे ऐंशी वर्षांपूर्वी हे डोंगर दाट जंगलाने झाकलेले होते. त्यात वाघ होते, अस्वले होती, रानडुकरे होती. वाटा म्हणजे गुरांच्या आणि बैलगाड्यांच्या पायवाटा. पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की त्याही बंद होत. भारतात रेल्वे अजून सुरू झालेली नव्हती. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी धावली ती 1853 मध्ये. म्हणजे जिकडे जायचे तिकडे घोड्यावरून, बैलगाडीतून किंवा पायी.

अशा या रानात 1844 मध्ये इंग्रजी सैन्यातल्या एका अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्यांचे नाव रॉबर्ट गिल. त्यांचा जन्म 1804 मध्ये इंग्लंडमध्ये झाला होता. तरुणपणीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्यात दाखल झाले. त्यांना चित्रकला उत्तम येत होती आणि शिकारीचा छंद होता. पुढे ते मेजर झाले आणि मेजर गिल याच नावाने सगळीकडे ओळखले जाऊ लागले.

पण सैन्यातल्या अधिकाऱ्याचे लेण्यांत काय काम, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्यासाठी आणखी थोडे मागे जायला हवे.

आपल्या जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. तिथे 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रज आणि मराठे यांची मोठी लढाई झाली. लढाईत जखमी झालेल्या इंग्रज सैनिकांना अजिंठा गावच्या गढीत उपचारासाठी ठेवले होते. लेणी तिथून फार दूर नव्हती, तरी त्या सैन्याला त्यांचा पत्ता नव्हता. पुढे जालन्याला मद्रास सैन्याची छावणी झाली. या भागात अधिकाऱ्यांचे येणेजाणे वाढले. एप्रिल 1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास सैन्यातलाच एक अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूरच्या दरीत गेला. समोरच्या कड्यात त्याला कोरीव कमान दिसली. आत जाऊन त्याने एका खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. दहाव्या लेण्यात ते नाव आजही दिसते. प्राचीन चित्रावर असे नाव कोरणे योग्य होते का, याचा विचार तुम्ही करा.

पुस्तकांत या घटनेला लेण्यांचा शोध असे म्हणतात. पण हे शब्द आपण जरा जपून वापरले पाहिजेत. त्या डोंगरात राहणाऱ्या भिल्लांना आणि आसपासच्या गुराख्यांना लेणी माहीत होतीच. पावसापाण्यात ते तिथे आसरा घेत. लेण्यांचा शोध लागला तो बाहेरच्या जगाला.

ही बातमी पसरल्यावर प्रवासी येऊ लागले. त्यांनी काय पाहिले? घोड्याच्या नालेच्या आकाराचा एक प्रचंड कडा. त्यात ओळीने कोरलेली तीस लेणी. काही दोन हजार वर्षांपूर्वीची, काही पाचव्या शतकातली. ती बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली होती. आत भिंतींवर आणि छतांवर चित्रेच चित्रे होती. गौतम बुद्धांच्या आयुष्यातले आणि जातककथांमधले प्रसंग, राजवाडे, बाजार, हत्ती, हंस, फुले, दागिने, सारे काही रंगांत उतरवलेले. एवढी जुनी आणि एवढी सुंदर चित्रे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत.

पण ही चित्रे नष्ट होत होती. छतातून पाणी झिरपत होते. वटवाघळांनी घरे केली होती. मुक्कामाला येणाऱ्या लोकांच्या चुलींच्या धुराने भिंती काळ्या पडल्या होत्या. याहून वाईट म्हणजे, काही प्रवासी चित्रांचे तुकडे खरवडून आठवण म्हणून बरोबर नेत होते. जेम्स फर्ग्युसन नावाच्या अभ्यासकाने ही लेणी पाहिली होती. ही चित्रे नाहीशी होण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवाव्यात, असा आग्रह त्यांनी आणि लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने कंपनी सरकारकडे धरला. सरकारने तो मानला. या कामासाठी चित्रकार हवा होता. निवड झाली ती गिल यांची.

गिल अजिंठ्याला आले तेव्हा त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. अजिंठा गाव डोंगराच्या वर आहे. त्याला तटबंदी आहे आणि वेशी आहेत. गावात निजामाच्या काळातली एक बारादरी आहे. तिथे गिल यांनी आपले बिऱ्हाड केले. लेणी मात्र घाटाच्या खाली होती. घाट उतरला की फर्दापूर लागते. तिथे मोगल काळातली जुनी सराई आहे. तिथून पुढे नदीच्या पात्रातून, दगडधोंड्यांतून वाट काढत लेण्यांपर्यंत जायचे. आज तुम्ही फर्दापूरहून बसमध्ये बसता आणि काही मिनिटांत पायथ्याशी उतरता. गिल यांना हीच वाट घोड्यावरून आणि पायी तुडवावी लागे.

लेण्यांत पोचल्यावर खरी कसोटी सुरू होई. आतल्या दालनांत अंधार असतो. दारातून आणि खिडक्यांतून जो उजेड येईल तेवढाच. चित्रे उंच भिंतींवर. त्यांचे रंग धुळीखाली झाकलेले. आधी एकेक आकृती नीट निरखायची, मग मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात ती जशीच्या तशी उतरवायची. एक हात चुकला तर दुरुस्ती करण्यात दिवस जात. कॅनव्हास, रंग, कुंचले यांतले काहीच इथे मिळत नव्हते. सगळे बाहेरून मागवावे लागे आणि ते येईपर्यंत वाट पाहावी लागे. पावसाळ्यात दरीत डासांचे राज्य असे. तापाची साथ नेहमीची. गिल यांनाही आजारपणाने वारंवार गाठले.

हे काम दोनचार वर्षांत संपेल, असे सुरुवातीला कोणाला वाटले असेल. पण वर्षामागून वर्षे गेली. गिल थांबले नाहीत. 1863 पर्यंत त्यांनी सुमारे तीस मोठी चित्रे पूर्ण केली. ती गुंडाळून, पेट्यांत भरून, जहाजाने लंडनला पाठवली जात. अजिंठा ज्यांनी कधी पाहिला नव्हता, त्यांना ही चित्रे पाहून भारताच्या प्राचीन कलेची पहिली ओळख झाली.

गिल या रानात अगदीच एकटे होते असेही नाही. अजिंठा गावात त्यांची पारू नावाच्या इथल्या एका स्त्रीशी ओळख झाली. ती त्यांची सहचारिणी झाली. तिच्याविषयी या भागात पुष्कळ गोष्टी सांगतात. त्यांतल्या खऱ्या किती आणि मागाहून रचलेल्या किती, हे सांगणे कठीण आहे. एक गोष्ट मात्र दगडावर लिहिलेली आहे. पारूचा मृत्यू 23 मे 1856 रोजी झाला. गिल यांनी अजिंठा गावात तिची समाधी बांधली आणि तिच्यावरच्या आपल्या प्रेमाचा शिलालेख तिच्यावर कोरून घेतला. ती समाधी आजही आहे. त्या काळी इंग्रज अधिकारी आणि गावातली साधी स्त्री यांच्यात केवढे अंतर मानले जाई! तरीही गिल यांनी ते नाते लपवले नाही. कवी ना. धों. महानोर यांनी या कथेवर मराठीत एक दीर्घकाव्य लिहिले आहे. त्याचे नाव अजिंठा असेच आहे.

पारू गेली त्याच सुमारास गिल यांच्या हाती एक नवे साधन आले. ते म्हणजे कॅमेरा.

आज तुमच्या घरात मोबाईल असेल. बोट लावले की छायाचित्र तयार. गिल यांच्या काळात छायाचित्र काढणे म्हणजे एखादा छोटा कारखाना पाठीवर घेऊन डोंगर चढण्यासारखे होते. कॅमेरा म्हणजे एक लाकडी खोका, त्याला पितळी नळीत बसवलेले भिंग आणि खाली तिकाटणे. फिल्म नव्हती. तिच्या जागी काचेची तावदाने असत. त्या काळी सगळीकडे रूढ असलेली पद्धत अशी होती : काच स्वच्छ पुसायची. तिच्यावर कलोडियन नावाचे चिकट द्रावण सारखे पसरायचे. मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून छायाचित्र घ्यायचे. लगेच पुन्हा अंधारात नेऊन दुसऱ्या रसायनांनी धुवायची. हे सारे काही मिनिटांत उरकावे लागे. काच वाळली की मेहनत वाया. म्हणून छायाचित्रकाराला आपली अंधारी खोली, म्हणजे काळ्या कापडाचा तंबू, बरोबर घेऊनच फिरावे लागे. रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे बुधले, काचांच्या पेट्या हेही असेच. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ओली काच किती लवकर वाळत असेल, त्याचा अंदाज तुम्ही करू शकता.

गिल यांचा कॅमेरा आणखी एका बाबतीत वेगळा होता. ते एकाच दृश्याची दोन छायाचित्रे शेजारीशेजारी घेत. आपल्या दोन डोळ्यांत थोडे अंतर असते. त्यामुळे उजव्या डोळ्याला दिसणारे दृश्य डाव्या डोळ्याच्या दृश्याहून किंचित वेगळे असते. मेंदू ही दोन दृश्ये एकत्र करतो, म्हणून आपल्याला वस्तूची खोली कळते. अशी दोन छायाचित्रे दुहेरी भिंगाच्या उपकरणातून पाहिली की सपाट कागदावरचे खांब खरोखर पुढे आल्यासारखे दिसतात. लंडनमध्ये घरबसल्या लोकांनी अजिंठ्याची दालने अशी पाहिली.

हे साधन घेऊन गिल केवळ लेण्यांत बसून राहिले नाहीत. ते आसपासच्या मुलखात फिरले. वेरूळची लेणी त्यांनी टिपली. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला जाऊन त्यांनी दैत्यसूदनाच्या मंदिराची छायाचित्रे घेतली. आणि मित्रांनो, ते आपल्या जिल्ह्यातही आले. भोकरदन तालुक्यातल्या अन्वा गावात एक जुने दगडी मंदिर आहे. आज ते महादेवाचे मंदिर म्हणून ओळखले जाते. त्याच्या मंडपाचे खांब आणि भिंतींवरच्या मूर्ती पाहण्यासारख्या आहेत. गिल यांनी या मंदिराचीही छायाचित्रे घेतली. त्या काळी अन्व्याचे नाव बाहेर किती जणांना माहीत असेल? पण त्या कोरीव खांबांचे रूप गिल यांच्या काचेवर उमटले आणि सातासमुद्रांपलीकडे पोचले.

या फिरस्तीत त्यांच्याबरोबर कोण असे? काचांच्या पेट्या उचलणारे हमाल, घोडा सांभाळणारा मोतद्दार, वाट दाखवणारे डोंगरातले लोक. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. तरी त्यांच्याशिवाय एकही छायाचित्र झाले नसते, हे आपण विसरता कामा नये.

गिल यांची आणखी एक ओळख होती. ते फार मोठे शिकारी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी पुष्कळ वाघ मारले आणि मारलेल्या जनावरांची छायाचित्रेही घेतली. त्या काळी यालाच शौर्य समजत. आज आपण तसे समजत नाही. बंदुकांनी आणि कुऱ्हाडींनी या डोंगरांतले वन्य जीवन किती कमी केले, ते आपण पाहतोच. 1972 च्या कायद्याने आपल्या देशात वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा ठरला आहे. मोठ्या माणसाच्या चरित्रातली प्रत्येक गोष्ट घेण्यासारखी असतेच असे नाही. काय घ्यावे आणि काय सोडावे, हे वाचकाने ठरवायचे असते.

1864 मध्ये लंडनमध्ये दोन पुस्तके निघाली. दोन्हींत छायाचित्रे गिल यांची आणि माहिती फर्ग्युसन यांची होती. एका पुस्तकात भारतातल्या कोरीव लेण्यांची 74 छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातली वास्तुकला आणि वन्य प्राणी यांची 100 जोडछायाचित्रे होती. गिल यांच्या कष्टांना आता फळ आले होते. त्यांची चित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहण्यासाठी मांडली होती. क्रिस्टल पॅलेस म्हणजे लोखंड आणि काच यांची भव्य इमारत. ती त्या काळी जगभर गाजलेली होती.

आणि मग तो दिवस आला.

30 डिसेंबर 1866 रोजी क्रिस्टल पॅलेसच्या एका भागात आग लागली. ज्या भागात गिल यांची चित्रे होती, तोच भाग जळाला. जवळजवळ वीस वर्षांचे काम काही तासांत राख झाले. जी मोजकी चार-पाच चित्रे त्या वेळी तिथे मांडलेली नव्हती, तेवढीच वाचली.

मित्रांनो, क्षणभर थांबून विचार करा. तुम्ही वर्षभर जपलेली एखादी वही हरवली तर तुम्हाला किती वाईट वाटते! इथे तर एका माणसाच्या भर उमेदीची वर्षे जळाली होती. अंधाऱ्या लेण्यांत घालवलेले दिवस, ताप, एकटेपण, सगळ्यांची ती एकच कमाई होती. ही बातमी अजिंठ्याच्या बारादरीत पोचली तेव्हा गिल यांचे वय बासष्ट वर्षांचे होते. या वयात लोक निवृत्त होऊन आपल्या देशी परततात. आता मी म्हातारा झालो, मला मोकळे करा, असे गिल म्हणाले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता.

गिल यांनी तसे केले नाही. ते पुन्हा वाघूरच्या दरीत उतरले. ज्या भिंतींसमोर ते चाळिसाव्या वर्षी उभे राहिले होते, त्याच भिंतींसमोर ते पुन्हा उभे राहिले. त्यांनी पुन्हा कॅमेरा लावला, लेण्यांची मोजमापे घेतली, चित्रांच्या नकला करायला घेतल्या. दृष्टी पूर्वीसारखी नव्हती, हातही पूर्वीसारखा चपळ राहिला नव्हता. तरी शक्ती होती तोवर त्यांनी अजिंठा सोडला नाही. 1879 मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भुसावळच्या ख्रिस्ती कबरस्तानात त्यांची कबर आहे. ते इंग्लंडमध्ये जन्मले, पण त्यांना शेवटची जागा मिळाली ती खानदेशच्या मातीत.

तुम्ही विचाराल, या सगळ्यातून अखेर उरले काय?

वाचलेली थोडी चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहेत. छायाचित्रे मात्र पुष्कळ उरली. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हाताने काढलेले चित्र एकच असते. ते जळाले की गेले. काचेवरच्या छायाचित्राच्या हव्या तितक्या प्रती कागदावर काढता येतात. एक प्रत हरवली तरी दुसरी कुठेतरी असते. त्या छायाचित्रांत रंग नाहीत. अंधारातल्या भिंतींवरची चित्रे त्या काळच्या कॅमेऱ्याला नीट टिपता येत नव्हती. पण लेण्यांच्या दर्शनी भागांची, खांबांची आणि मूर्तींची त्या वेळची स्थिती त्यांत स्पष्ट दिसते. दीडशे वर्षांत कुठे काय तुटले, काय झिजले, हे अभ्यासकांना त्यांवरून कळते.

गिल यांच्यानंतरही हे काम थांबले नाही. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांसह नव्याने नकला केल्या. दुर्दैव असे की 1885 मध्ये त्यांतल्याही बऱ्याच नकला लंडनच्या एका आगीत जळाल्या. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर बंगालचे नंदलाल बोस होते आणि हैदराबादचे सय्यद अहमद व मोहम्मद फजलुद्दीन काझी हे चित्रकारही होते. 1914 मध्ये हैदराबाद संस्थानात पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी लेण्यांच्या रक्षणाकडे जातीने लक्ष दिले. चित्रे पक्की करण्यासाठी इटलीहून कारागीर बोलावले गेले. 1930 ते 1955 या काळात यझदानी यांनी अजिंठ्यावरचे मोठे ग्रंथ चार भागांत प्रसिद्ध केले. त्यांत रंगीत छायाचित्रे होती. गिल यांच्या कॅमेऱ्याला जे रंग टिपता आले नव्हते, ते या पानांवर आले.

पाहा मित्रांनो, लेणी खोदली बौद्ध भिक्षूंसाठी. त्यांची आठवण जपली डोंगरातल्या भिल्लांनी. त्यांच्या नकला केल्या एका इंग्रज ख्रिस्ती माणसाने. त्यांचे रक्षण केले हैदराबादच्या मुसलमान अभ्यासकाने. त्यांवर काव्य लिहिले एका मराठी कवीने. 1983 मध्ये ही लेणी जागतिक वारसा ठरली. सुंदर गोष्ट कोणा एकाची नसते. जो ती जपतो, त्याची ती होते.

शाळेची सहल निघाली तर तुम्ही अजिंठ्याला जाल. भोकरदनहून जाताना शिक्षकांना सांगून थोडा वेळ अन्व्याला थांबा. लेण्यांत छायाचित्र घ्यायचे असेल तर झगझगीत दिवा लावू नका. त्या दिव्याने जुने रंग खराब होतात, म्हणून तिथे त्याला मनाई आहे. भिंतीला हात लावू नका, नाव लिहू नका. परतताना अजिंठा गावात पारूच्या समाधीपाशी क्षणभर उभे राहा. आणि त्या माणसाची आठवण काढा, ज्याचे सगळे जळून गेल्यावरही तो दुसऱ्या दिवसाच्या कामासाठी पुन्हा तोच घाट उतरला.

शब्दार्थ

गढी – लहान किल्ला
बारादरी – बारा दारांची हवेशीर इमारत
सराई – प्रवाशांच्या मुक्कामाची जागा
बिऱ्हाड – राहण्याचे ठिकाण, संसार
नक्कल – मुळासारखी हुबेहूब केलेली प्रत
कुंचला – रंगवण्याचा ब्रश
तैलरंग – तेलात मिसळलेला रंग
सहचारिणी – आयुष्याची सोबतीण
भिंग – काचेचे लेन्स
तिकाटणे – तीन पायांचा आधार
बुधला – तेल, पाणी इत्यादी ठेवण्याचे चामड्याचे भांडे
मोतद्दार – घोड्याची देखभाल करणारा
फिरस्ती – सतत चालणारा प्रवास
पुरातत्त्व खाते – जुन्या वास्तू व वस्तू यांची काळजी घेणारे सरकारी खाते

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अजिंठ्याची लेणी कोणत्या नदीच्या दरीत आहेत?
(आ) गिल यांची अजिंठ्याला नेमणूक कोणत्या वर्षी झाली?
(इ) जालना जिल्ह्यातल्या कोणत्या गावच्या मंदिराची छायाचित्रे गिल यांनी घेतली?

2. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लेण्यांतली चित्रे कोणकोणत्या कारणांनी खराब होत होती?
(आ) लेण्यांचा शोध हे शब्द जपून वापरावेत, असे लेखक का म्हणतो?
(इ) गिल यांची चित्रे नाहीशी झाली, पण छायाचित्रे उरली. असे का झाले?

3. सविस्तर उत्तर लिहा.
(अ) गिल यांच्या काळात छायाचित्र कसे घेत, ते तुमच्या शब्दांत लिहा.
(आ) आगीनंतर गिल यांनी काय केले? त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते?

4. जंगल, शिकार, सराई, बारादरी, कबर हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

5. उपक्रम : तुमच्या गावातल्या किंवा जवळच्या एखाद्या जुन्या वास्तूला भेट द्या. तिचे चित्र काढा किंवा छायाचित्र घ्या. तिच्यातला कोणता भाग मोडला आहे, कोणता चांगला आहे, ते तारखेसह वहीत लिहून ठेवा.